भिंतीवरची मंडळी

धरणगावातलं ते जुनं नाट्यगृह कित्येक वर्षं बंदच पडलेलं. आता ते पुन्हा उघडायचं होतं, म्हणून रंगमंचामागची भिंत रंगवायला मृणाली जळगावहून रोज यायची. गावातल्या माणसांना एकेक करून दिव्यासमोर उभं करायचं, भिंतीवर पडलेली सावली कोळशानं रेखायची, मग तीत काळा रंग भरायचा. साऱ्या गावाचं चित्र करायचं तिच्या मनात होतं.

त्या दुपारी हिलालआबा आले. तरुणपणी ते भीमजलशात गायचे. त्या मंडळींतले आता तेच एकटे उरलेले. याच नाट्यगृहाच्या दारातून जातीवरून त्यांच्या जलशाला परत पाठवलं होतं. त्यानंतर आबा कधी गायलेच नाहीत.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत काळोख आणि वटवाघळांचा उग्र वास. मृणालीनं दिवा लावला, आबा उभे राहिले, आणि भिंतीवर सावली पडली… एक नाही, चांगली रांगच.

तिनं मागं वळून पाहिलं. आबांखेरीज कुणी नव्हतं. दिवाही एकच. एका सावलीच्या कमरेला ढोलकी होती. तिनं हळूच आबांकडे मान वळवली.

"आबा… चला, बाहेर जाऊ…"

आबांचे डोळे भरून आले होते. "हाऊ जीवराम शे… ढोलकीवाला. घाबरू नको बेटा, बठ्ठा आपलाच शेतस… तेसले बी काढ."

पाय दाराकडे ओढत होते, तरी त्या सगळ्यांनाही काढायला तिनं कोळसा उचलला. भिंत तापलेल्या अंगासारखी लागली. आतून ठेका येत होता. एकही सावली तिनं सोडली नाही.

उद्घाटनाला नाट्यगृह खचाखच भरलं. आबा पुढे आले आणि गायला लागले. आवाज आधी चिरकला, मग चढत गेला. दुसऱ्या कडव्याला भिंतीतूनच ढोलकी घुमली. माणसं दचकून उभी राहिली… तोच जीवरामची लेक रुक्माबाई ओरडली, "अरे, हाऊ ते मना बापना हात शे!"

मग कुणी खाली बसलंच नाही. अख्खं सभागृह आबांच्या मागं गाऊ लागलं. आबा मान ताठ करून, डोळे मिटून गात होते.

सगळे गेल्यावर मृणाली कुलूप लावायला थांबली. चित्रं जागच्या जागी होती. पण भिंतीपासून निघून, रिकाम्या खुर्च्यांमधून, थेट बाजारपेठेच्या रस्त्यापर्यंत काळ्या रंगाची अनवाणी पावलं उमटली होती. ओली.

परत आलेलं पाऊल एकही नव्हतं.