चार बोटांची वीण

म्हसवडच्या सुलक्षणा सणगरने अंगणात घोंगडं पसरलं, फोटो काढला आणि तो लहान करायला बसली. ऑनलाइन दुकान ठरावीक मर्यादेपेक्षा जड फोटो घेत नसे. साडीचा फोटो झटकन हलका होतो, कारण एकच रंग लांबवर पसरलेला असतो. लोकरीत मात्र दोन धागे सारखे नसतात, म्हणून घोंगड्याचा फोटो कमालीचा जड.

या कामाला हल्ली सगळे ‘लघुकार’ वापरत. फोटोत काय ठेवायचं, काय टाकायचं हे तो स्वतःच ठरवी आणि माणसाच्या डोळ्याला फरक कळत नसे. पण दुकानात तपासायला माणूस नव्हताच. तिथे ‘पारखी’ नावाचं दुसरं यंत्र विणीतले बारीक चढउतार मोजून माल हातमागाचा की गिरणीचा ते सांगे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तसं लघुकार नेमके तेच चढउतार दोष समजून पुसून टाकी. त्यांची दोन घोंगडी अशीच गिरणीची ठरली होती. तिसरंही ठरलं की त्या दुकानाचं दार त्यांना कायमचं बंद, आणि मग माग मोडायचा, असं सासऱ्यांनी, बिरूमामांनी, सांगून ठेवलं होतं.

सुलक्षणाला ते सोसणारं नव्हतं. घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या घरात बायका सूत काढतात, मागावर पुरुष बसतात. पण दोन वर्षांपासून दुपार झाली की मामांचा हात थरथरू लागे, आणि दार लावून सून मागावर बसे. दुकानात नाव एकट्या मामांचं होतं. त्या दुपारी तिला जिवापाड आवडत.

घोंगडं फोटोत मावत नाही, एवढंच तिने मामांना सांगितलं. ते हसले.

“बाजारात आमी कवा घोंगडं उलगडून दावलंय? कोपरा उलटा करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. सगळं दावाया गेलं की कायच दिसत न्हाई.”

तिने कोपरा उलटा केला आणि वीतभर जागेचाच फोटो काढला. तो मर्यादेत बसला, लघुकाराची गरजच पडली नाही. तिने तो पाठवला.

उत्तर लगेच आलं. माल हातमागाचा, मान्य. खाली आणखी एक ओळ होती: ‘या तुकड्यात दोन हात दिसतात. चार बोटं एकाची वीण, पुढची चार दुसऱ्याची. दुसऱ्या विणकराचं नाव काय?’

नाव लिहिलं की ते घोंगड्याखाली झळकणार, सारी भावकी वाचणार. यंत्राची चूक झाली असं कळवू का, असं तिने हळूच विचारलं.

मामांनी ती ओळ तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. मग थरथरतं बोट त्या विणीवरून सावकाश फिरवलं, आधी स्वतःच्या चार बोटांवरून, मग तिच्या.

“लिही की तुझं नाव,” ते म्हणाले. “आन् त्याला इचार, दोघांत सरस वीण कुनाची?”