प्रिंटरमधला चिंचोका

बसस्टँडजवळच्या दुकानातली वीज गेली नसती, तर कामिनी चंद्रकुमारच्या दुकानाची पायरी कधी चढली नसती. पवनीत छपाईची दुकानं तीन. चंद्रकुमारचं सगळ्यांत आत, बोळात, सुंदरबाईच्या शिलाईच्या दुकानाला लागून. तिथं लग्नाच्या पत्रिका छापल्या जात, तेरवीची कार्डं छापली जात, आणि निवडणूक असली की हात जोडलेले चेहरे. पवनीतल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका छापून चंद्रकुमार तिशीला आला होता. स्वतःची तेवढी राहिली होती.

त्या दुपारी तो कटरचं पातं पुसत बसला होता. दारात एक ओली छत्री मिटली, आणि छत्रीमागून दोन मोठे डोळे दुकानभर फिरले.

"भाऊ, रंगीत निघते का इथं?"

निघते, असं तो म्हणाला. निदान त्याला तसं म्हटल्याचं आठवत होतं. तिने ओढणीच्या टोकाने पुसून पेन ड्राइव्ह पुढे केला. ती गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून वर वसलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली-दुसरीला शिकवत होती. घर मोहाडीकडे, करडीला. पोरांना अक्षरं नुसती फळ्यावर दाखवली की ती जांभया देतात, म्हणून तिने इंटरनेटवरून चित्रांची कार्डं उतरवून घेतली होती. पुढे चित्र, मागे नाव. एका कागदावर चार, अशी अठ्ठेचाळीस. पोरांनी जोडीजोडीने बसायचं, चित्र ओळखायचं, कार्ड उलटून आपलं बरोबर आलं का ते बघायचं.

चंद्रकुमारने जीव ओतून काम केलं. जाड कागद, लॅमिनेशन, कोपरे गोल. दुसऱ्या दिवशी तीच छत्री दारात मिटली, पण या वेळी जरा जोरात.

"भाऊ, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

तिने मोर दाखवला, मग उलटला. मोराच्या पाठीवर 'कासव' लिहिलं होतं. कासवाच्या पाठीवर 'मोर'. वांग्यामागे 'भेंडी', भेंडीमागे 'वांगं'. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस.

चूक साधी होती. कागद उलटला की डावीकडचं उजवीकडे जातं, म्हणून मागची बाजू जागा बदलून छापावी लागते. पण चंद्रकुमारचा हात पत्रिकेवर बसलेला. पत्रिका कोणी चार तुकडे करून वाचत नाही.

"एक पोरगी रडून राहिली," कामिनी म्हणाली. "म्हणते, बाई, मोराले कासव कायले म्हणते? घरी तर मोरच म्हणते."

तिला रागवायचं होतं, पण बोलता बोलता तिच्या ओठांचा कोपरा हलला. चंद्रकुमारला तो कोपरा दिसला... आणि त्याचं कल्याण झालं. त्याने सगळी कार्डं पुन्हा फुकट करून देण्याचं कबूल केलं, वर शाळेपर्यंत नेऊन देण्याचंही.

त्यानंतर दर शनिवारी, शाळा सकाळची असे म्हणून, बारा वाजता ती छत्री येऊ लागली. पाऊस नसला तरी ती यायची, फक्त छत्रीशिवाय. कधी ठिपके जोडा, कधी रंग भरा, कधी मोजा आणि गोल करा. चंद्रकुमार शुक्रवारी दाढी करू लागला. हे सुंदरबाईच्या पहिल्यांदा लक्षात आलं, आणि तिच्या लक्षात आलं म्हणजे बोळाच्या लक्षात आलं.

इंटरनेटची चित्रं गावच्या पोरांना चालत नाहीत, हे दोघांना हळूहळू कळलं. बर्फाचं घर बघून पोरं त्याला तांदळाचा ढीग म्हणाली. मग चंद्रकुमारच मोबाइल घेऊन हिंडू लागला. धानाच्या रोवण्याची बांधी, बोडीच्या पाण्यातले शिंगाडे, वैनगंगेतला मासेमारीचा डोंगा, बांधावरचा बगळा. एका म्हशीने त्याला चिखलात बसवलं, पण फोटो चांगला आला. कामिनी एकेक फोटो स्क्रीनवर वाकून बघायची. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि खडूचा वास यायचा. त्याला वाटायचं, सगळ्या जिल्ह्याचे फोटो काढून आणावेत. फक्त तिने 'भाऊ' म्हणायचं थांबवावं. हा शब्द तिच्या तोंडून आला की त्याला हातावर राखी बांधून घेतल्यासारखं वाटे.

पुढे 'माझं कुटुंब' हा धडा आला. उतरवलेल्या चित्रातले बाबा टाय लावून होते, आई सोनेरी केसांची. पोरं म्हणाली, हे साहेब लोक आहेत, कुटुंब नव्हे. चंद्रकुमारने आपलंच घर उभं केलं. वडील भैयाजी झाले आजोबा, आई रुखमिणी झाली आजी. बाबा म्हणून कोणी मिळेना, तेव्हा तो स्वतः उभा राहिला. आईचा मात्र प्रश्न पडला. शेवटी शेजारची सुंदरबाई पदर सावरून आपणहून पुढे आली, शिलाई मशीनसकट.

कामिनीने ती कार्डं बराच वेळ बघितली.

"बाबा तीसचे अन् आई पंचावन्नची," ती म्हणाली. "पोट्टे गणितात कच्चे आहेत म्हणून बरं."

"दुसरी कोणी तयार नव्हती ना, मॅडम."

"विचारलं होतं का कोणाले?"

चंद्रकुमारने कटरचं पुसलेलं पातं पुन्हा पुसायला घेतलं. ती कार्डं पिशवीत टाकून निघाली. पायरी उतरताना म्हणाली, "येते." नुसतंच येते. 'येते भाऊ' नाही. त्या आनंदात त्याने एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी मामाचं नाव छापलं.

अन् नेमक्या अशा वेळी ग्रामपंचायतीला शाळेची दया आली. शाळेला नवीन रंगीत प्रिंटर मंजूर झाला. कामिनीने ही बातमी हसत हसत सांगितली, मग टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला. प्रिंटर बसवून द्यायला चंद्रकुमारनेच यावं, असं मुख्याध्यापक परसराम सरांनी सांगितलं होतं.

तो रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत तरी विचार करत होता. प्रिंटर चालू झाला की शनिवार संपला. दुसरं कोणतंही निमित्त त्याच्याकडे नव्हतं. ती नऊ किलोमीटरवर, तो बोळात. ती बाई, तो दुकानदार. भैयाजींनी भाताचा घास कालवत सल्ला दिला, की मशीन बिघडलेलं आहे म्हणून परत पाठवून दे, तुले कोण विचारते? चंद्रकुमारने तसंच करायचं पक्कं ठरवलं.

पण वर्गात पाय ठेवला आणि तेवीस पोरं एका सुरात ओरडली, "बाबा आले!"

कामिनी वळून खिडकी उघडू लागली. खिडकी आधीच उघडी होती. एका पोरीने विचारलं, बाबा, आई नाही आली का, शिवत बसली का? पोरांनी खोक्याभोवती गोल केला. कोणी पुठ्ठा मागितला, कोणी थर्माकोल, आणि सगळे आशेने त्याच्या हाताकडे बघू लागले. एवढ्या डोळ्यांसमोर खोटं बोलणं त्याला जमलं नाही. त्याने प्रिंटर बसवला, शाई भरली, पहिला कागद काढून दाखवला. कामिनीला सगळं समजावून सांगितलं, अगदी मन लावून, जसं कोणी आपलंच घर दुसऱ्याला ताब्यात देताना सांगतं.

"कागद मागच्या तोंडातून जाते. तेच्यात काही पडू देऊ नका. चिंचोक्याएवढी वस्तू पडली तरी कागद अडकते, अन् मग माह्याशिवाय कोणाच्यानं निघत नाही."

"चिंचोक्याएवढी?" तिने विचारलं.

"हाव. तेवढीच."

पहिला शनिवार सुना गेला. दुसराही. चंद्रकुमारने दाढी करणं सोडलं. सुंदरबाईने बोळात सांगून ठेवलं की त्याच्याशी हळू बोला.

तिसऱ्या शनिवारी फोन आला. कागद अडकला होता. तो मोटरसायकल घेऊन गेला, प्रिंटर उलटा करून हलवला, आणि खडखड करत एक चिंचोका बाहेर पडला. पोरं मोजणी शिकताना चिंचोके वापरतात, कामिनी म्हणाली, पोट्टे काय करतील सांगता येत नाही. मग चहा झाला. चहाबरोबर पुढच्या महिन्याच्या चित्रांवर बोलणं झालं. पुढच्या शनिवारी माळेचा मणी निघाला. त्याच्या पुढच्या शनिवारी सीताफळाचं बी. परसराम सरांनी पोरांना ओळीत उभं करून विचारलं. कोणी कबूल झालं नाही. कामिनीने मध्ये पडून सांगितलं, की जाऊ द्या सर, लेकरं आहेत.

चंद्रकुमारला तिची दया आली. बिचारीला किती त्रास. त्याने घरी बसून जाड पुठ्ठ्याचं एक झाकण केलं, वर लॅमिनेशन चढवलं, बिजागरीला कापडी पट्टी लावली, आणि पुढच्या खेपेला ते प्रिंटरच्या मागच्या तोंडावर बरोबर बसवून दिलं. आता मुंगीसुद्धा आत जाणार नाही, असं तो अभिमानाने म्हणाला.

कामिनी झाकणाकडे बघत राहिली.

"लय हुशार आहात तुम्ही," ती म्हणाली. चहा मात्र तिने त्या दिवशी विचारला नाही. तो सगळ्या रस्त्याने विचार करत आला की आपलं काय चुकलं.

मग दिवाळीची सुटी लागली. बांध्यांमधला धान पिवळा होऊन वाकला होता, आणि रस्त्याभर त्याचा कोवळ्या भातासारखा वास येत होता. सुटीच्या पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"कागद अडकला," ती म्हणाली. "येता का?"

शाळेचं फाटक उघडं होतं. मैदानात दोन बकऱ्या. परसराम सर व्हरांड्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्राखाली झोपले होते; सुटीत शाळेची कामं उरकायला दोघं आलो आहोत, असं ती कुजबुजत म्हणाली. वर्ग रिकामा, तेवीस बस्करं गुंडाळून कोपऱ्यात रचलेली. कामिनी आज साडी नेसली होती, जांभळ्या काठांची, आणि त्याच्याकडे न बघता टेबलावरची धूळ पुसत होती, जिथं धूळ नव्हती.

चंद्रकुमारने झाकण तपासलं. ते जागेवर होतं. त्याने ते उघडलं, प्रिंटर तिरपा केला. खड... खड... आणि टेबलावर एक चिंचोका येऊन थांबला. तांबूस, गुळगुळीत, धुऊन पुसलेला.

तो चिंचोक्याकडे बघत राहिला. मग गुंडाळलेल्या बस्करांकडे. मग पुन्हा चिंचोक्याकडे.

"मॅडम, पोट्टे तर सुटीवर आहेत."

"हो."

"झाकण बंद होतं."

"हो ना."

"मग हा आत कसा—"

"चंद्रकुमार," ती म्हणाली. पहिल्यांदाच, नुसतं नाव. तिचे कान लाल झाले होते, पण आता ती त्याच्याकडेच बघत होती. "झाकण बसवायले कोणी सांगतलं होतं तुमाले? उघडून चिंचोका टाकावा लागला ना मले. याच्याआधी सरळ पडत होता."

बाहेर एक बकरी ओरडली. चंद्रकुमारच्या डोक्यात मणी, सीताफळाचं बी, पहिला चिंचोका, सगळे एका माळेत ओवले गेले, आणि एवढा वेळ आपण किती मन लावून आपल्याच वाटेत पुठ्ठा आडवा केला, तेही त्याला दिसलं.

"मी तर हे मशीन परतच पाठवणार होतो," तो म्हणाला. "बिघडलेलं आहे म्हणून सांगणार होतो."

"मग काहून नाही सांगतलं?"

"पोट्टे पाहून राहिले होते."

ती हसली, तोंडावर हात ठेवून, व्हरांड्यातल्या वर्तमानपत्राला जाग येऊ नये म्हणून. हसू ओसरल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "करडीले धान निघाला की बाबा रिकामे असतात. दुपारी घरीच राहतात. कोणी आलं, तर बसवतात, बोलतात."

"भैयाजीले घेऊन येऊ?"

"अन् आईले. खऱ्या आईले," ती म्हणाली. "सुंदरबाईले नाही."

त्याने मान हलवली. मग सवयीने प्रिंटर सरळ केला आणि बटण दाबलं. अडकून पडलेलं काम मशीनने पुन्हा हातात घेतलं. कागद सरसर बाहेर आला. कोरा. दुसरा आला, तोही कोरा. तिसरा, चौथा.

"काय छापून राहिल्या होत्या?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. कागद अडकवाले काहीतरी द्यावं लागते ना."

"किती दिले?"

"पन्नास."

"बंद करू?"

कामिनीने पदर सावरला आणि बस्करांच्या गठ्ठ्यावर बसली. शेजारी जरा जागा ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "होऊ द्या पन्नास."