शुक्रवारी बसणारा केक

"बुडालं!" मुस्तफा ओरडला. "सहावंही बुडालं."

पातेल्यातल्या पाण्यात सहाही अंडी तळाला आडवी पडून होती. शिळं अंडं तरंगतं, ताजं बुडतं. नूरीने वहीत लिहिलं, 'अंडी ताजी.'

"अंडी सुटली," शेजारचा यूसुफ म्हणाला. तो तेरा वर्षांचा, नूरीहून वर्षाने मोठा, म्हणून या तपासाचा मुख्य आपणच असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. "आता बेकिंग पावडर."

नूरीने चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली. भराभर फेस वर आला. पावडरही चांगली होती.

१९६४ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. कुवेतच्या सालमिया भागातली बाकीची मुलं समुद्रात डुंबत होती आणि हे तिघे स्वयंपाकघरात घाम गाळत होते, कारण आज बुधवार होता आणि सोमवारच्या बोटीने झुलेखाखालाला परत पाठवणार होते.

खाला म्हणजे नूरी-मुस्तफाच्या अम्मीची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा वारला आणि हर्णैच्या सासरी ती पांढऱ्या पायाची ठरली. अम्मीने तिला कुवेतला आणलं. इथे अब्बांनी नवा गॅसचा ओव्हन घेतला होता, इमारतीतला पहिला. खालाने पंधरा दिवसांत त्यावर हात बसवला. पण दर शुक्रवारी पाहुणे आले की तिचा केक मधोमध खचलेला निघे. लागोपाठ चार शुक्रवार!

वरच्या मजल्यावरच्या बिल्कीसचाची म्हणाल्या, "हिच्या हाताला बरकत नाही." झालं. मग मुस्तफाला गोवर आला तो त्या हातांमुळे, अब्बांची बढती हुकली तीही त्या हातांमुळे. शहाणीसुरती माणसं, पण एकानेही उलटून विचारलं नाही. अब्बांनी तिकीट काढलं.

"खाला, तू आज एक छोटा केक कर ना," नूरी म्हणाली. "आम्ही फक्त बघतो."

खाला कोमट हसली. अलीकडे ती तेवढंच हसायची.

"बघा तर. मैदा दोनदा चाळायचा. लोणी-साखर पांढरी होईस्तोवर फेटायची, तिथं आळस नाय. मैदा पडला की मात्र हात हलका ठेवायचा, नायतर केक चिवट होतो. ओव्हन आधीच तापवायचा. आणि एकदा आत गेला की अर्धा तास दार उघडायचं नाय गो. वर चढणाऱ्या केकला गार वारा लागला की तो बसतो. मग किती तापव, उठत नाय."

नूरी भराभर लिहीत गेली. अर्ध्या तासाने केक बाहेर आला तो टपोरा फुगलेला. मुस्तफा सुरी घेऊन धावला.

"थांब रे हावऱ्या," खाला म्हणाली. "निवल्याशिवाय कापायचा नाय, चुरा होतो."

तुकडे हातात घेऊन तिघे गच्चीवर गेले.

"तेच हात, तीच अंडी," यूसुफ म्हणाला. "बुधवारी फुगतो आणि शुक्रवारी बसतो. शुक्रवारी वेगळं काय असतं?"

"पाहुणे," नूरी म्हणाली. "ते आले की खाला आणि अम्मी आतल्या खोलीत जातात. परक्या पुरुषांसमोर खाला येत नाही."

"आणि तुम्ही दोघं?"

"अब्बा आम्हाला थंड बाटल्या आणायला पाठवतात," मुस्तफा तोंडातला घास सांभाळत म्हणाला.

"म्हणजे स्वयंपाकघरात कोणीच नसतं?"

नूरी आणि मुस्तफाने एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही आलं होतं, पण ते म्हणायचं धैर्य कोणालाच होईना.

शुक्रवारी नमाजानंतर खालाने केक आत ठेवला आणि ओव्हनचं दार लावलं. घंटी वाजली तशी ती अम्मीबरोबर आतल्या खोलीत गेली. नूरीने अम्मीची काजळाची डबी उघडली आणि ओव्हनच्या मुठीला खालच्या बाजूने काजळाचा जाड थर फासला. मग मुलं बाटल्या आणायला निघाली. जिना उतरताना मागून अब्बांचा आवाज आला, "चला महबूबभाई, तुम्हाला गंमत दाखवतो!"

मुलं बाटल्या घेऊन परतली तेव्हा बैठकीच्या खोलीत चहा चालला होता. अब्बांच्या कपावर चार काळी बोटं उमटली होती. महबूबचाचांच्या पांढऱ्या शर्टावर तशीच पाच होती, आणि नाकावर एक.

"चाचा, हे काळं कशाचं?" यूसुफने अगदी साळसूदपणे विचारलं.

महबूबचाचा हाताकडे बघत राहिले. "काय कळत नाही बुवा. आताच तर नूरीच्या अब्बांनी ओव्हन दाखवला. मीही दार उघडून बघितलं, दोनदा. छान बसतं."

नूरीने केक आणून मधे ठेवला. तो मधोमध खचलेला होता.

"दार बसतं, पण ते उघडलं की केकही बसतो," ती म्हणाली. "अब्बा, ते काजळ मी लावलं होतं. तुम्ही दर शुक्रवारी दार उघडता. खालाच्या हातात काही खोट नाही."

अब्बांनी काळी बोटं रुमालात लपवली. "अरे, मी आपलं दोन मिनिटं दाखवत होतो..."

तेवढ्यात महबूबचाचा मोठ्याने हसले, आणि सुटका झाल्यासारखे सगळेच हसायला लागले. "शाबास! पोरं आहेत की पोलीस?" पाठीवर थापा पडल्या. अब्बांचीही छाती फुगली. "माझीच मुलगी आहे! आणि झुलेखाला सांगा, आता जायची गरज नाही. तिकीट परत करू."

आतल्या खोलीच्या पडद्यामागून खालाचा आवाज आला. परक्या पुरुषांच्या कानावर तो पहिल्यांदाच पडत होता.

"तिकीट राहू द्या, दुल्हाभाई. आज काजळ लागलं म्हणून माझे हात स्वच्छ झाले. उद्या दुसरं काही बसलं तर पोरांनी किती काजळ आणायचं? मी माझ्या अम्मीच्या घरी जाते. तिथं तांब्याचं पातेलं हाय, खाली निखारे, वर निखारे. झाकण माझ्याच हातात राहील."

हसणं थांबलं. माफ कर, असं मात्र कोणीच म्हणालं नाही. अम्मी पडद्याआड रडत होती तेवढंच ऐकू येत होतं.

सोमवारी बोट गेली. बंदरावर नूरी खालाचे हात सोडायला तयार नव्हती. त्यांना लोण्याचा आणि वेलचीचा वास येत होता.

त्यानंतर दर शुक्रवारी अब्बा पाहुण्यांना काजळाची गोष्ट रंगवून सांगत. पाहुणे हसत, नूरीला शाबासकी देत. गोष्टीत हुशार मुलगी असे, विसराळू बाप असे. खाला कधीच नसे.

"मग मुलीला केकही येत असेल की!" एकदा एक पाहुणे म्हणाले.

"येणारच! बनव गं नूरी," अब्बा म्हणाले.

नूरीच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं, अंडी बुडवण्यापासून केक निववण्यापर्यंत. तिने वही पाठीमागे धरली.

"मला नाही येत, अब्बा," ती म्हणाली.