अजून एकदा नळी

प्लंबर लोक दार वाजवत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. सरळ आत! हातात अवजारांची पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारा एक चिडलेला पिवळा बोका.

"डॉक्टर कुठायत?"

"समोर उभी आहे."

"तुम्ही?" तो गडबडला. "म्हणजे... बरं. याला सकाळपासून लघवीच होत नाहीये. नुसता बसतो आणि ओरडतो. साऱ्या गावाचे पाइप मी मोकळे करतो हो, आणि घरातल्याचंच तुंबलं!"

मला हसू आवरेना. बोक्याचं नाव विचारलं तर म्हणे, जावईबापू.

"आईनं ठेवलं. काम काडीचं नाही, मान मात्र पहिला. आता आई गेली... हा राहिला." शेवटचं तो भिंतीकडे बघत बोलला.

मी भूल दिली, बारीक नळी आत घालून अडकलेले वाळूसारखे खडे धुऊन काढले. तो शेजारीच उभा होता. "हात फार सफाईदार आहे तुमचा," म्हणाला. इतकी वर्षं हे हात राबतायत, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. काय सांगू, मी पार विरघळले.

मग दर दोन दिवसांनी तपासणी. खरं तर आठवड्यानं चाललं असतं.

"जावईबापूंना तुमची आठवण येत होती," तो म्हणायचा.

"फक्त त्यांनाच?"

"त्यांच्या वतीनं बोलायला मी आहे ना..." आणि कान लालबुंद. त्याचे. माझेही असतील.

महिनाभरात बोका पुन्हा तुंबला. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. दुसऱ्यांदा अडकली की ऑपरेशन करून तो भाग काढायचा, रुंद वाट करून द्यायची, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले होते. पण ऑपरेशन झालं, टाके काढले, की संपलं. मग हा कशाला फिरकतोय?

"अजून एकदा नळीवर भागवू," मी म्हटलं. "दाखवायला मात्र दर दोन दिवसांनी आणा."

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. इतका विश्वास टाकू नये हो माणसानं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा तो बाहेरगावी कामाला गेला होता. शेजारच्या काकूंना वाटलं, पोट साफ होत नाहीये. त्या दूध पाजत बसल्या. दोन दिवस गेले. तो धावत आला तेव्हा जावईबापू पिशवीत थंडगार पडले होते, ठोके कसेबसे लागत होते.

नळी आत जाईना. सलाईन लावून आधी जीव सावरला, मग ऑपरेशन. दोन तास. बोका जगला, पण मूत्रपिंडं निम्मी गेली.

"म्हणजे?"

"जन्मभर औषधं. किती दिवस काढेल, सांगता येत नाही."

"आणि हेच ऑपरेशन आधी केलं असतं तर?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. 'नशीब' म्हटलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती.

"तर हे झालं नसतं," मी म्हटलं. "मला माहीत होतं. ऑपरेशन झालं की तुम्ही यायचे थांबाल, म्हणून मी... मला तुम्ही आवडता. फार आवडता."

थोबाडीत खायचीही माझी तयारी होती.

"अहो, चहाला या म्हणायचं होतंत," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी आलो असतो."

टाके काढायला तो आलाच नाही. दोन आठवड्यांनी पलीकडच्या दवाखान्यातून माझ्या कॉलेजमधल्या सीनियरचा फोन आला.

"तुझा पिवळा बोका आलाय गं माझ्याकडे. काम सुरेख केलंयस. पण इतका उशीर कसा झाला, म्हणून मालकाला जरा झापलं मी."

"मग? काय म्हणाला?"

"चूक माझीच, म्हणाला. डॉक्टरबाई सांगत होत्या, मीच वेळेवर ऐकलं नाही."

मी 'हो का' म्हटलं आणि फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं रे मेल्या! आता मी चिडू तरी कुणावर?