पालीची बिनधुराची बस

"थांबली गो परत," अमरीनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

हातखंब्याचा चढ अजून संपायचा होता. २००३च्या मे महिन्यात रत्नागिरी-पाली रस्त्यावर चाचणीसाठी बॅटरीची बस आली होती. धूर नाही, घरघर नाही. स्वप्नाचे बाबा भिकू ती चालवायचे. म्हणून स्वप्ना, अमरीन आणि अमरीनचा धाकटा भाऊ अरशद यांनी सगळी सुट्टी त्या बसमध्येच काढली. किती मजेचे दिवस होते ते!

पण रात्रभर चार्जिंगला लावूनही बस रोज अर्ध्या वाटेत मान टाकायची. कंपनीचे इंजिनिअर वैतागले होते. "शनिवारी परत नेतो. तुमचे चढ हिला झेपत नाहीत."

बस गेली की बाबा पुन्हा मुंबईच्या रातराणी बसवर जाणार. मग रात्री ते घरी नसणार.

"आंब्याचा वास येतोय," अरशद म्हणाला.

"तुला कधी येत नाय?" अमरीनने त्याला उडवून लावलं.

स्वप्नाने मात्र नाक पुढे केलं. खरंच येत होता. डिझेलच्या बसमध्ये धुराने असला वास कुणाला लागलाच नसता. मागच्या सीटखाली बॅटऱ्यांची पेटी होती, वास तिथून येत होता. पेटीची किल्ली शेड सांभाळणाऱ्या आत्मारामकाकांकडे असायची.

बस शेडमध्ये ओढून आणली, तेव्हा काका चहा पीत होते. स्वप्ना त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, आमच्या आंब्यांवर डाग पडतायत. अढी रोज उलटायची काय?"

"रोज कशाला? एक दिवसाआड उलटायची. पेंढा दाबून भरायचा आणि ऊब पायजे. माझे आंबे बघ, चार दिवसांत पिवळेधमक!"

"तुमची अढी कुठं हाय?"

काकांचा कप हातातच राहिला. "घरी."

"मग हा पेंढा कुठला?" बसखालून अरशदचा हात बाहेर आला. पेटीच्या जाळीतून उपसलेल्या काड्या त्याच्या मुठीत होत्या.

इंजिनिअरांनी पेटी उघडायला लावली. आत हापूसची छान अढी घातलेली, आणि हवेच्या जाळ्या पेंढ्याने गच्च बुजलेल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"बॅटऱ्या तापत होत्या, म्हणून रात्री चार्जर अर्ध्यावरच आपोआप बंद पडायचा. आणि चार्ज होताना यांतून हायड्रोजन सुटतो. तो कोंडला असता तर एका ठिणगीने भडका उडाला असता!"

"येवढी ऊब फुकट जात होती, सायेब," काका पुटपुटले.

"चूक माझीही आहे," इंजिनिअर म्हणाले. "मी एकदाही पेटी उघडून बघितली नाही."

"हायड्रोजन वाईट असतो?" अरशदने विचारलं.

"कोंडला तर वाईट. पुढे त्याच्यावरच बसगाड्या चालतील. धुराऐवजी मागून पाणी ठिबकेल."

दुसऱ्या दिवशी बस पालीला जाऊन न थांबता परत आली. इंजिनिअरांनी मुलांची पाठ थोपटली. "तुम्ही नसता तर मी चांगली बस मोडीत काढली असती. आता ती इथेच राहील, आणि चालवतील भिकूभाऊच." काकांनी मान खाली घालून अढीतले आंबे मुलांपुढे ठेवले.

रोज बंद पडलेली बस ओढून आणेपर्यंत बाबांना घरी यायला रात्र व्हायची. त्या संध्याकाळी मात्र ते दिवेलागणीलाच घरी आले. आईने सवयीने दोघींचीच ताटं घेतली होती. बाबांना पाटावर बसलेलं बघून ती थबकली आणि हसत तिसरं ताट आणायला आत गेली.