दोन कावीळपिवळ्या सायकली

तळ्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यासमोर नुसतं धुकं होतं. हवा मात्र लख्ख होती. धुकं होतं ते तिच्या डोळ्यांत. उणे साडेसहा नंबर! पोहायच्या गॉगलला नंबरच्या काचा होत्या, पण त्यांवर अशी वाफ धरली होती की काठाला लागताच तिनं तो कपाळावर ढकलला. समोर चारशे सायकली रांगेत टांगलेल्या. तिच्या लेखी तो एक राखाडी सारवलेला पट्टा... आणि त्यात एक पिवळा डाग!

तिनं डागाकडे धूम ठोकली. बूट चढवले, हेल्मेट डोक्यावर आपटलं, सायकल ओढली आणि निघाली.

"अहो! अहो, थांबा! पिवळ्या सायकलवाल्या बाई... थांबा!"

मागून पुरुषी आवाज आला. तिनं वळून पाहिलं. एक उंच, ओलाचिंब, अनवाणी डाग दोन्ही हात हलवत तिच्याकडे धावत होता. तिच्या काळजाचा ठोका चुकला. प्रेमानं नव्हे हं, भीतीनं! प्रेमाला अजून चाळीस किलोमीटर अवकाश होता.

आता ही सायकल पिवळी का, ते आधी सांगायला हवं. कुठल्याही सायकलवाल्याला विचारा, बाबा रे, हीच का घेतलीस? तो तासभर वजन सांगेल, वारा कापण्याची गोष्ट सांगेल, गिअरची कुळकथा सांगेल. आणि जे पोहणं, सायकल, पळणं असं तिन्ही एका दमात करतात, ते तर हॅन्डलवर कोपरं टेकून कसं झोपायचं आणि पळण्यासाठी पाय कसे राखायचे, यावर व्याख्यान देतील. सगळं खरं, आणि सगळं नंतर सुचलेलं. माणूस सायकल जोडीदारासारखी निवडतो. आधी मन बसतं, मग कारणं गोळा होतात.

हिचं तसं नव्हतं. ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांविषयी तिला भ्रम नव्हता. सायकलच्या दुकानात गेली, चष्मा काढून ठेवला, पंधरा पावलं मागे सरकली आणि विक्रेत्याला म्हणाली, "ती द्या."

"कुठली?"

"जी दिसतेय ती."

दिसत होती ती एकच. कावीळ झाल्यासारखी पिवळी, वर जांभळे ठिपके. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. विक्रेत्याला इतका धक्का बसला की त्यानं घंटी फुकट दिली.

तर अशी ही शहरातली एकमेव कावीळपिवळी सायकल. निदान तिची तरी तशीच समजूत होती.

रस्त्याला लागली आणि पहिला धक्का बसला. पाय पॅडलला पोचेनात. अंगठ्याचं टोक कसंबसं टेकत होतं. बुटात पाऊल असं नाचत होतं, जसा डब्यात एकुलता एक शेंगदाणा. हेल्मेट घसरून नाकावर आलं.

"अगं बाई, मी आटले!"

हसू नका. तासभर गार पाण्यात काढल्यावर भल्याभल्यांची अक्कल आटते. नवं कापड पाण्यात आटतं, मग माणूस का नाही? पाय आटले, पावलं आटली, डोकंसुद्धा आटलं. हॅन्डलखालच्या पिशवीत चष्मा चाचपला, तर तिथं नुसती दोन केळी. म्हणजे चष्मा घरीच राहिला! तिला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात मागून पुन्हा तो आवाज आला.

"अहो, ऐका तरी! तुमचं... माझ्याकडे..."

वाऱ्यानं पुढचं खाल्लं. तिनं खोगिरावरून उठून, उभ्यानंच पॅडल हाणायला सुरुवात केली.

तळ्याभोवतीचा हा रस्ता तिला खड्ड्यांसकट तोंडपाठ होता. वर्षभर रोज सकाळी ती इथंच यायची. कारण एकच, दहाचा दरवाजा. चाळीस किलोमीटर संपवून दहाच्या आत त्या दरवाजातून आत गेलं, तरच पुढे पळू देत. उशीर झाला की मागून झाडूगाडी यायची आणि उरलेल्यांना गोळा करून न्यायची. दोन वर्षं ती त्या गाडीतून परतली होती. दुसऱ्या वर्षी तर ड्रायव्हरनं सकाळीच विचारलं होतं, "ताई, खिडकीची जागा ठेवू ना?"

घरीही कौतुकच होतं. आई म्हणायची, "तीन कामं एका दमात करायची ठरवलीस, त्यापेक्षा एक धड कर." आणि ताईचे यजमान, दाजी, त्यांना तर कोलीतच मिळालं होतं. "मेहुणीबाई, यंदा गाडीत आमच्याही दोन जागा धरा. तुम्हाला बघून परतताना फाट्यापर्यंत चालत कोण जाणार?"

तो दरवाजा एकदा, फक्त एकदा ओलांडायचा होता तिला. त्यासाठी आटलेल्या पायांनीही तिची तयारी होती. त्यात मागे तो वेडा! चढावर वाटायचं, सुटले. उतारावर परत ते, "अहो थांबा!" वळून पाहावं तर एक पिवळा डाग, आणि त्याच्या वर कानांच्या आसपास खालीवर होणारं काहीतरी. काय होतं ते? गुडघे? छे! माणसाचे गुडघे कानापर्यंत कसे जातील?

"पुढे खड्डा आहे! डावीकडे घ्या... डावीकडे!"

खड्डा खरंच आला. ती डावीकडून गेली आणि जास्तच घाबरली. वेड्याला खड्डेसुद्धा पाठ आहेत!

भीतीसारखा प्रशिक्षक नाही. जी बाई दोन वर्षं साडेदहाला हलत-डुलत यायची, ती दहाला चार मिनिटं कमी असताना दरवाजातून आत घुसली. ब्रेक दाबला, पाय टेकायला गेली, तर जमीन चार बोटं खाली! सायकलसकट आडवी झाली आणि आडवी पडल्या पडल्याच ओरडली, "पोचले! मी पोचले!"

मागोमाग ब्रेकचा कर्कश आवाज. तो उंच डाग तिच्याशेजारी येऊन थांबला. धापा टाकत त्यानं काहीतरी पुढे केलं.

"तुमचा... चष्मा."

तिनं चष्मा घातला, आणि जग जागच्या जागी आलं. आधी एक माणूस आला. ताडासारखा उंच, केस चिकटलेले, पायांत बूट नाहीत, तळव्यांवर पॅडलचे लाल वळ. मग त्याची सायकल आली. कावीळपिवळी, जांभळे ठिपके, फुकटची घंटी! तिनं खाली पाहिलं. आपण ज्या सायकलखाली पडलोय तीही कावीळपिवळी. फक्त हिचं खोगीर आभाळाला टेकलेलं, आणि पुढे चिकटवलेला नंबर भलताच.

"ही... माझी नाही?"

"नाही. ही माझी. तुमची माझ्याखाली होती." तो घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे मी तिच्यावर होतो. माझ्या पायांतले बूट... तुमच्या पायांत आहेत, असं म्हणायचंय मला."

तिनं बुटांकडे पाहिलं. दोन होड्या होत्या. "म्हणजे मी आटले नाही?"

"काय?"

"काही नाही." ती लालेलाल झाली. "पण तुम्ही बिनबुटाचे चाळीस किलोमीटर...?"

"तुमच्या बुटांत माझे अंगठेच बसले असते." तो हसला. "तुम्ही माझी सायकल पळवताना पाहिलं. मग तुमची तिथंच लटकताना पाहिली, पिशवीत चष्मा. म्हटलं, बाई आंधळी कोशिंबीर खेळत निघाल्यात, आणि उतारावर खड्डा आहे."

"दुसऱ्याची सायकल घेतली की बाद करतात, माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय... घेतली." तो गुडघे चोळायला लागला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या, घाबरलेल्या माणसांशी रोज बोलतो. सगळी थांबतात हो माझ्या आवाजानं. तुम्ही पहिल्याच, ज्या सुसाट सुटल्या."

तो आवाज! आता वारा नव्हता, आणि तिला तो आवाज ओळखीचा वाटला. दुकानातली अंधारी खोली, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, आणि हाच आवाज शेवटच्या ओळीच्याही खालचं, तक्ता छापणाऱ्याचं नाव वाचून दाखवणारा...

"तुम्ही दुकानात आला होता! डोळे तपासायला!"

"तीनदा," तो पुटपुटला.

"गरुडासारखे डोळे आहेत तुमचे. तीनदा कशाला?"

तो सायकलची घंटी पुसायला लागला. ती उठून उभी राहिली आणि दोन्ही सायकलींकडे आळीपाळीनं पाहायला लागली. आता तिच्यातली तपासणारी बाई जागी झाली होती.

"ही सायकल तुमच्या मापाची नाही. दोन मापं लहान आहे. का घेतलीत?"

"वजनाला हलकी आहे."

"अं हं."

"वारा... वारा छान कापते."

"खोगीर पतंगासारखं वर चढवलंय, ती काय वारा कापणार? तुम्ही अंदाजानं वाचताय." तिनं कमरेवर हात ठेवले. "मला दिवसभर हेच ऐकावं लागतं. दिसत नाही ते दिसतंय म्हणून सांगू नका. जे आहे ते वाचा."

त्यानं एक मोठा श्वास घेतला. इतका मोठा, की तळ्यात उडी मारतोय की काय असं वाटावं.

"रोज सकाळी तळ्यावर एक मुलगी यायची. मी तेव्हा नुसता पळायचो. ती माझ्या अंगावरून जायची, घंटी वाजवायची, आणि म्हणायची, 'सॉरी हं काका.' मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा असेन फार तर! म्हटलं, सायकल घेऊ, म्हणजे बरोबरीनं जाता येईल. दुकानदाराला सांगितलं, अशीच हवी. तो म्हणाला, एकच उरलीय, पण बाईमाणसाच्या मापाची. मी म्हटलं... बांधा. पण बरोबरीनं यायचा धीरच झाला नाही, मागेमागेच राहिलो. पोहायला मागच्या महिन्यात शिकलो. तुम्ही शर्यतीत आहात, हे कळल्यावर."

तिचं तोंड उघडंच राहिलं. पोहायला! मागच्या महिन्यात! तिला आठवलं, सकाळच्या गारव्यात चष्म्यावर वाफ धरली की ती वाटेतल्या प्रत्येक उभ्या डागाला काका म्हणायची. एकदा तर विजेच्या खांबालाही म्हणाली होती.

"आणि इतके दिवस... बोलला का नाहीत?"

"बोललो की. तक्त्यावरची सगळी अक्षरं बोललो. दुसरं काही विचारलंच नाहीत तुम्ही."

तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पंचबाई वही घेऊन त्यांच्याकडे यायला लागल्या. त्यानं झटकन खाली वाकून आवाज बारीक केला.

"ऐका. सायकली सारख्याच आहेत. पुढच्या नंबरच्या पट्ट्या सोलून बदलतो. दहा सेकंद लागतील. तुम्ही पळायला लागा. तुम्ही दरवाजा ओलांडलाय. कुणाला कळणार नाही."

तिनं समोर पाहिलं. चष्म्यातून आता पळण्याची वाट स्वच्छ दिसत होती. दोन वर्षं जी फक्त ऐकली होती ती वाट, दोन्ही बाजूंना दोऱ्या, लांबवर झेंडे. झाडूगाडीचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून चक्क टाळ्या वाजवत होता. दहा सेकंद! पट्टीचा कोपरा त्यानं नखानं उचललाही होता.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "अंदाजानं वाचल्यासारखं होईल ते."

आणि पंचबाई पोचायच्या आत तीच दोन पावलं पुढे झाली. "बाई, माझ्याकडून चूक झाली. मी यांची सायकल घेतली. हेल्मेट, बूट, सगळं यांचंच आहे."

पंचबाईंनी एकदा होड्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्या अनवाणी पायांकडे. वीस वर्षांच्या पंचगिरीत असं त्यांनी पाहिलं नव्हतं. "आणि हे तुमच्या सायकलवर? दोघं जाणूनबुजून?"

"मी नकळत," ती म्हणाली. "हे जाणूनबुजून."

"बाद. दोघंही बाद." त्यांनी वहीत दोन रेघा ओढल्या, आणि जाता जाता जरा घुटमळून म्हणाल्या, "वेळ मात्र चांगली होती हो पोरी."

मग मात्र तिला रडू आलं. चष्म्याच्या आतून, गुपचूप. तो बिचारा शेजारी उभा. हात पुढे करावा की मागे घ्यावा, हे न कळून त्यानं शेवटी पिशवीतलं केळं काढून दिलं.

तिनं नाक ओढलं. केळं खाल्लं. म्हणाली, "तुझे गुडघे चालताहेत का रे?"

तू! त्याच्या कानांच्या पाळ्या जांभळ्या ठिपक्यांइतक्या जांभळ्या झाल्या. "कडाकडा वाजताहेत. का... गं?"

"बाद आपण झालोय. रस्ता कुठं बाद झालाय? दोरीच्या बाहेरून पळू. दहाच किलोमीटर आहेत."

दरवाजाच्या आत, सायकलींच्या त्याच रांगेत तिचे बूट सकाळपासून तसेच पडले होते. ज्याचे त्याने बूट घातले आणि निघाले. आता, दहा किलोमीटरला चांगल्या पळणाऱ्याला पाऊण तास लागतो. यांना तीन तास लागले. पहिला किलोमीटर पळाले, दुसरा चालले, आणि तिसऱ्यापासून पुढे काय केलं ते दोघांनाही नीट सांगता येत नाही. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे किस्से सांगत होता, ती त्याला विजेच्या खांबाची गोष्ट सांगत होती. झाडूगाडी दोनदा शेजारून गेली. ड्रायव्हरनं एकदा खिडकीची जागा विचारली, आणि दुसऱ्यांदा दोघांकडे पाहून गाणं गुणगुणत निघून गेला.

शेवटी पोचले तेव्हा कमान उतरवून जमिनीवर ठेवली होती. घड्याळ पेटीत गेलं होतं. माणसं खुर्च्या रचत होती. फक्त आई आणि दाजी उभे होते, काळजीनं वाळलेले.

दाजींनी तोंड उघडलं. टोमणा तयारच होता. पण तो ताडमाड उंच माणूस पाहून ते तोंड तसंच मिटलं. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

आईनं लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याला खालपासून वरपर्यंत, त्याला जरा जास्त वेळ लागला.

"सकाळी पाण्यात एकटी उतरली होतीस ना गं? हे कुठून आणलंस?"

तिनं जमिनीवर आडव्या पडलेल्या कमानीवरून उडी मारली. अलीकडून पलीकडे. त्याचा हात धरूनच मारली, त्यामुळे त्यालाही मारावी लागली.

"चुकून उचललं, आई," ती म्हणाली. "पण... परत नाही करणार."