काळ्या हृदयाचं कोडं

"हृदय काळं आणि क्रूस लाल? धोंडप्पांनी सगळे रंग उलटे विणले!" चर्चचे सेक्रेटरी उदयसिंह सर कडाडले. "भिंतीवरून काढा ती चादर! चार वाजता शंभराव्या वर्षाची उपासना आहे. मी सात रस्ता चौकातल्या दुकानातून साधा पडदा आणतो."

स्कूटर भुर्रकन गेली.

सोनमचे डोळे भरून आले. चादर तिच्या आप्पांनी दोन महिने खपून विणली होती. आता आभाराच्या यादीतून त्यांचं नावच उडणार!

सुट्टीत पताका लावायला आलेली भार्गवी मात्र चादरीकडे टक लावून पाहत होती. "मालतीबाई, हे चिन्ह मुळात कसं असतं?"

"हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा गुलाब," रविवारच्या शाळेच्या मालतीबाई म्हणाल्या. "पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत त्यांची ही मोहर होती. काळा क्रूस म्हणजे दुःख. पण तो हृदयाला काळं करत नाही. हृदय लाल, जिवंतच राहतं! पांढरा गुलाब म्हणजे श्रद्धेतला आनंद. मागे निळं आकाश आणि कधीच न संपणारं सोनेरी कडं."

"इथे गुलाब निळा अन् आकाश पांढरं!" भार्गवीबरोबर आलेला ओजस हसला. "आप्पांना रंग कळत नाहीत की काय?"

"ए ओज्या! माझे आप्पा अंधारात धागा ओळखतात की!"

"भांडू नका! या गाठी बघा," भार्गवी म्हणाली.

सोनमने बोट फिरवलं. "गाठी? पुढच्या बाजूला? आप्पा गाठी कायम पाठीवर मारतात!"

"म्हणजे ही पाठच आहे!" भार्गवी ओरडली. "आपल्या चादरीत पाठीवर रंगांची अदलाबदल होते. घरोघरी पांघरतात, पण एकाच्याही लक्षात आलं नाही!"

"स्टूल आण, ओजस! पळ!" सोनम म्हणाली.

कड्या सुटल्या, चादर उलटली. लाल हृदय झळकलं! शेवटची कडी अडकवताना बाहेर स्कूटर थांबली.

पडदा काखेत घेऊन सर दारातच थबकले. "ही... ही दुसरी कुठून आली?"

"तीच आहे, सर," भार्गवी गंभीरपणे म्हणाली. "काल कोणी टांगली होती?"

सरांनी कानाची पाळी चोळली. "मीच."

मालतीबाईंना हसू आवरेना. "शाब्बास पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसतीच ओरडत बसलो."

सर स्वतः जाऊन धोंडप्पांना घेऊन आले. भरल्या चर्चमध्ये त्यांचं नाव सर्वांत आधी घेतलं आणि म्हणाले, "चूक विणकराची नव्हती, माझी होती. ती या तिघांनी शोधली."

टाळ्या थांबल्यावर धोंडप्पा हळूच म्हणाले, "सर, घरी पण चादर उलटीच पांघरता का?"

"आज घरी जाऊन बघतो!" सर म्हणाले, आणि अख्खं चर्च खो खो हसलं.